कोरड्या पुड्या

केझियाबाई ओहोळ हिवरदरीत आल्या तेव्हा पहिले अकरा दिवस त्यांच्या दवाखान्यात एका शेळीखेरीज कुणी आलं नाही. शेळीही औषधाला आली नव्हती, कुंपणाचा कोवळा शेवगा ओरबाडायला आली होती. आमच्या कसब्यात आजाऱ्यांचा तोटा होता असं नाही. तापाने फणफणणारे होते, खोकून खोकून बेजार झालेले होते, अडलेल्या बाया तर दर महिन्याला होत्या. पण डॉक्टरीण मिशनची, त्यात मूळची महारवाड्यातली. तिच्या हातचं औषध म्हणजे तिच्या हातचं पाणी आलं. ते पोटात जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं कसबा म्हणायचा, आणि त्याप्रमाणे काहीजण मरतही होते.

गाव त्यांना केजाबाई म्हणे. पाठीमागे काळी मडम म्हणे. त्यांचं पाळण्यातलं नाव केसर. अठराशे सत्याहत्तरच्या दुष्काळात आई-बाप सरकारी रस्त्यावर खडी फोडता फोडता गेले, तेव्हा ही सहा-सात वर्षांची होती. त्या रस्त्यावरच्या तिच्या आठवणी फारशा उरल्या नव्हत्या. एक मात्र पक्की होती. आई ओंजळ धरून खाली बसायची आणि वर उभी राहून कुणीतरी लांबून पाणी ओतायचं. निम्मं पाणी मातीत जायचं. मिशनच्या मोठ्या मडमसाहेबांनी तिला उचलून बोर्डिंगात घातलं, केसरची केझिया केली, शिकवली, उत्तरेत तीन वर्षं डॉक्टरीला धाडली आणि पंचविसाव्या वर्षी हिवरदरीला पाठवून दिली. जाताना सांगितलं, आधी लोकांचं दुखणं बघ, प्रभूचं नाव मागून घे. केझियाबाईंनी ते शब्दशः पाळलं. इतकं, की नाव घ्यायचं राहूनच गेलं.

बाराव्या दिवशी नीलव्वा शेटे आल्या. पेठेतल्या लिंगायत वाण्यांच्या त्या कर्त्या बाई. सून बाळंतपणात गेलेली, मागे राहिलेली वर्षाची नात पारू तीन दिवस तापात. नीलव्वा रस्त्यातच उभ्या राहिल्या, ओट्याला पाय लागू न देता.

"पोरीला काय देतीस ते सांग," त्या म्हणाल्या, "पण तुझं पानी घेणार न्हाई मी."

केझियाबाईंनी जरा विचार केला.

"अव्वा, तुमच्या दुकानातली ज्वारी कापली कुणी, मळली कुणी?"

"तुझ्याच भाऊबंदांनी. मग?"

"ती चालते?"

"ती कोरडी असती, बाई. कोरड्याला इटाळ न्हाई."

"मग माझी पुडीही कोरडीच आहे. पाणी तुमचं घ्या."

नीलव्वांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. वाण्याच्या घरात जन्म काढलेली बाई, हिशेब पटला की वेळ घालवत नसे. त्यांनी पदर पसरला आणि केझियाबाईंनी ओट्यावरून, लांबूनच, चार पुड्या त्यात टाकल्या. टाकताना त्यांना आईची ओंजळ आठवली. तोच हात, तीच उंची. फक्त या खेपेला वर आपण उभ्या आहोत याचं त्यांना हसू आलं, आणि थोडी मजाही वाटली हे त्यांनी पुढे कबूल केलं.

पारू बरी झाली. महिन्याभरात ओट्यासमोर रांग लागली. केझियाबाईंनी बाटल्या बंदच केल्या. सगळी औषधं कुटून, वाळवून, कागदात बांधून द्यायची. काढासुद्धा आटवून त्याची भुकटी करायची. 'पाणी तुमचं, पुडी आमची' हे इतकं रुळलं की पोरं त्यांना वाटेत पाहून तेच ओरडायची. मोठ्या मडमसाहेबांनी ही युक्ती मिशनच्या मासिकात छापून आणली.

दवाखान्यात हाताखाली सारजा होती. मिशनचीच, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "बाई, आपली पुडी घरी नेतात आन् उंबऱ्यावर पानी शिंपडून मगच आत घेतात. गरज सरो, वैद्य मरो. इथं तर गरज असतानाच मरो म्हणत्यात."

"नेतात ना? पोटात जाते ना?" केझियाबाई म्हणायच्या. "मग झालं तर."

पण झालं तर नव्हतं. रोज प्रार्थनेला गुडघे टेकले की त्या एकच गोष्ट मागायच्या. कुणी ख्रिस्ती व्हावं हे मागणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. कसब्यातल्या एका तरी माणसाने आपल्या हातचं पेलाभर पाणी प्यावं, एवढंच. सोळा वर्षं त्या हेच मागत होत्या, आणि दिवसभर स्वतःच त्याच्या आड उभ्या राहत होत्या. पारू पाच वर्षांची असताना एकदा उन्हातून धावत आली, ओट्यावर चढली आणि म्हणाली, "केजाबाई, पानी दे." माठ हाताशी होता. केझियाबाईंनी पेला उचललाही. मग त्यांना रांग आठवली, ती उद्या लागणार नाही हे आठवलं. त्यांनी पेला खाली ठेवला. "घरी जाऊन पी हो बाळ, अव्वा रागावेल." पोर तशीच तहानलेली उन्हातून परत गेली. त्या दिवशी केझियाबाई जेवल्या नाहीत.

पुढे पारूचं लग्न झालं, दोन मुलं होऊन गेली. सतराव्या वर्षी तिसऱ्या खेपेला ती माहेरी आली आणि मुलगी जगली. केझियाबाई दाराबाहेर बसून सुइणीला सांगत होत्या, सुईण आत करत होती. मुलीचं रडणं ऐकल्यावर नीलव्वांनी आतून गूळ पाठवला. कोरडाच.

मुलगी महिन्याची झाली आणि गावात पटकीचा वाखा आला.

चैत्र सरत होता. नदीचं नुसतं वाळवंट झालेलं. पेठेची बारव तळाला गेली होती आणि उरलेल्या गढूळ पाण्यावर घागरींची झुंबड उडत होती. पहिल्या दिवशी दोघं गेली, दुसऱ्या दिवशी पाच. सकाळी जुलाब-उलट्या, दुपारी डोळे खोल, संध्याकाळी तिरडी. केझियाबाई ओट्यावरून पुड्या टाकत होत्या, टाकतच होत्या. पाचव्या दिवशी सारजा म्हणाली, "बाई, एक बघितलं का? आपल्या वस्तीत अजून एकालाबी झालं न्हाई."

आपली वस्ती म्हणजे नदीकाठची. तिला बारवेच्या पायऱ्या बंद. तिथले लोक वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी उपसत. गाव त्याला हसायचं. वाळूतून गाळून आलेलं ते पाणी नितळ होतं. केझियाबाईंनी हातातली पुडी तशीच खाली ठेवली. दुखणं बारवेत होतं. आणि सोळा वर्षं त्या गावाला सांगत आल्या होत्या, पाणी तुमचंच घ्या.

त्या तशाच उठून पाटलांच्या चावडीवर गेल्या. बारवेत पाणी शुद्ध करणारं लाल औषध टाकू द्या म्हणाल्या, मी पायरीला पाय लावत नाही, तुमच्याच माणसाकडून टाका. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. प्लेगच्या सुया टोचायला आलेल्या माणसांना गाव अजून विसरला नव्हता.

"सोळा वर्षं कोरडं देत आलात," एकजण म्हणाला, "आता एकदम सगळ्या गावाला एका दमात बाटवायचं म्हणता व्हय?"

"मी बाटवत नाही. लोक मरताहेत."

"मरतील, पण सोताच्या पान्यानं मरतील."

मग माझ्या दवाखान्यात येऊन उकळलेलं पाणी तरी प्या, असं त्यांनी दारोदार विनवलं. लोक त्यांनाच त्यांचं वाक्य ऐकवू लागले. पाणी आमचं, पुडी तुमची. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार? माझं पाणी पिऊ नका हे या गावाला मंदिराने शिकवलं त्याहून पक्कं आपणच शिकवलं, असं त्या सारजाला म्हणाल्या.

एक वाट उरली होती. निदान आपलंच पाणी आपल्याच चुलीवर उकळून प्या. सरपण महाग होतं, बरेचजण हसले. केझियाबाई शेट्यांच्या दारी गेल्या आणि ओट्याखाली उभ्या राहून हात जोडले.

"अव्वा, घरात महिन्याची पोर आहे. पारूच्या अंगावर पिते. पारूला काही झालं तर दोघी जातील. घागर घागर पाणी खळखळून उकळा. उकळल्याशिवाय एक थेंब तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. पोरीची शपथ घाला हवं तर."

"शपथ कशाला घालतीस?" नीलव्वा म्हणाल्या. "आजपत्तुर तुझं कंचं ऐकलं न्हाई? पुडी टाकलीस, घेतली. उकळ म्हनतीस, उकळते."

आणि नीलव्वांनी उकळलं. गावात त्या एका घरात दिवसभर चूल धडधडत होती. घरातली लाकडी खाट फोडून त्यांनी सरपणाला लावली. केझियाबाई रोज सकाळी ओट्याखाली येऊन विचारायच्या, "उकळलं का, अव्वा?" आतून उत्तर यायचं, "खळखळून." शेजारच्या घरातून तीन तिरड्या गेल्या, समोरच्या घरातून दोन. शेट्यांच्या घरात नऊ माणसं होती, नऊच्या नऊ धडधाकट. आठ दिवस झाले. केझियाबाई त्या आठ दिवसांत बावीस मरणं बघून आल्या होत्या, पण या ओट्याशी आल्या की त्यांच्या जिवात जीव येई. हे एक घर तरी राखलं. आतून पारू तान्हीला झोके देत ओवी म्हणायची, ती ऐकायला त्या घटकाभर उगाच थांबायच्या.

नवव्या दिवशी सकाळी ओवी ऐकू आली नाही.

"कोण?" केझियाबाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"पारूच," नीलव्वा दारात येऊन म्हणाल्या. "पहाटेपास्नं. बाई, एकलीच ती. बाकी कुनाच्या पोटात दुकतबी न्हाई. मी उकळलंय गं. खळखळून उकळलंय."

केझियाबाईंना उमगेना. नऊ माणसं, एक चूल, एक हंडा. मग एकटी पारूच कशी? सगळ्यात जपलेली तीच. त्यांनी सारजाला दवाखान्यातून किटली आणायला पिटाळलं, त्यांनी उकळून गार करून मीठ घातलेलं पाणी तिच्यात होतं. स्वतः त्या ओट्याखालून सांगत राहिल्या. पेज द्या, मीठ घालून पाणी द्या, सारखं द्या, ओकली तरी द्या. आज आतली दारंही उघडी होती, थेट चुलीपर्यंत दिसत होतं. आतल्या सोप्यात पारू पडली होती. तिचा चेहरा त्यांना इथूनही दिसत होता, एका सकाळीत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"पानी," पारू म्हणाली.

नीलव्वा चुलीशी वळल्या. हंड्यातलं वाफाळतं पाणी त्यांनी तांब्यात घेतलं. बोट लावून पाहिलं, कढत होतं. मग कोपऱ्यातल्या घागरीतलं बारवेचं गार पाणी पेलाभर घेऊन त्यांनी त्यात ओतलं, पुन्हा बोट लावलं, आणि तांब्या घेऊन नातीकडे निघाल्या.

विसण.

बाळंतिणीला गार पाणी देत नाहीत, कोमट देतात. घरातली आठ माणसं हंड्यातलं निवलेलं पाणी पीत होती. बाळंतिणीला तेवढं दर खेपेला ताजं, कढत, आणि तोंड भाजू नये म्हणून वरून विसण घालून. कुठल्याही आजीचा हात ते आपोआप करतो. केझियाबाईंनी स्वतः रोज सकाळी आंघोळीला विसण घातलं होतं. उकळा, उकळा म्हणून त्यांनी घसा फोडला होता. विसण घालू नका हे तीन शब्द त्यांना सुचले नव्हते. एकदा जरी या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

ओटा कधी चढला, उंबरा कधी ओलांडला, त्यांना कळलं नाही. त्यांनी नीलव्वांच्या हातातला तांब्या फटका मारून पाडला. पाणी जमिनीवर पसरलं. पारूचे वडील गुरुसिद्धप्पा कोपऱ्यातून उठून उभे राहिले. सोळा वर्षांत त्यांनी केझियाबाईंशी एक शब्द बोललेला नव्हता.

"बाई, भाईर व्हा," ते म्हणाले.

"होते. नंतर होते." सारजा किटली घेऊन दारात आली होती. केझियाबाईंनी ती तिच्या हातून घेतली आणि पारूच्या उशाशी बसल्या. "अव्वा, मला हाकलायचं तर नंतर हाकला. घर धुवून घ्या. आत्ता मला बसू द्या."

नीलव्वा पडलेल्या तांब्याकडे बघत होत्या. "बसू दे तिला," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

केझियाबाईंनी पारूचं डोकं मांडीवर घेतलं. चमचाभर पाणी तिच्या ओठांशी नेलं. पारूने डोळे उघडले, ओळखलं. तिचे ओठ हलले.

"केजाबाई. अव्वा रागावंल."

"नाही रागवत. पी."

ती प्याली. चमचा चमचा करत ती तीन तास प्याली. अर्धं ओकली, अर्धं पोटात राहिलं. एकदा नाडी जरा भरल्यासारखी वाटली आणि केझियाबाई प्रभूला म्हणाल्या, मी सोळा वर्षं जे मागितलं ते परत घे, मला नको, ही पोर ठेव. हात मात्र थांबला नाही. किटली संपली, सारजाने दुसरी आणली. तीही निम्मी झाली. मग पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येऊ लागलं, आणि केझियाबाई ते पदराने टिपत तरीही पाजत राहिल्या, शेवटी सारजाने त्यांचा हात धरला.

उन्हं कलायच्या आत पारूला नेलं. घर गोमूत्राने धुतलं. तान्ही पारूच्या एका भावजयीच्या कडेवर रडत होती.

"तांब्या का पाडलास?" केझियाबाई दारातून निघाल्या तेव्हा नीलव्वांनी विचारलं.

केझियाबाईंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हात लागला, अव्वा," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात येऊन त्या ओट्यावर बसल्या. गावात आणखी चार बाळंतिणी होत्या. उकळलेलं पाणी आता बरीच घरं पीत होती, शेट्यांच्या घरातली आठ माणसं वाचली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या चारही बाळंतिणींच्या घरात एक प्रेमळ हात आज संध्याकाळी घागरीतलं पेलाभर पाणी वरून ओतणार होता. सांगावं तर सगळ्या गावाला सांगावं लागणार. नीलव्वांनाही ते ऐकू जाणार. आधी स्वतः जाऊन सांगावं म्हणून त्या दोनदा शेट्यांच्या गल्लीपर्यंत गेल्या. दोन्ही खेपेला दार बंद दिसलं आणि त्या तिथूनच माघारी वळल्या.

तेव्हा त्या पाटलांकडे गेल्या. पाणी उकळण्यात आणि विसण न घालण्यात कुणाचा विटाळ नव्हता. पाटील तयार झाले. दिवस मावळायच्या सुमाराला दवंडीवाला सटवा हलगी वाजवत पेठेतून निघाला.

"ऐका हो ऐका. पानी खळखळून उकळा. बाळंतिणीला घालताना वरनं इसन घालू नका. इसनानं वाखा व्हतो हो."

शेट्यांच्या दारापाशी नेमकी हलगी जरा जास्त वाजली. सटव्याला काय ठाऊक. केझियाबाई दवाखान्याच्या दारात डोळे मिटून ऐकत होत्या. त्या आवाजापाठोपाठ त्या बंद दाराआडून काही ऐकू येतं का म्हणून त्यांनी कान दिले. काही आलं नाही.

चारही बाळंतिणी वाचल्या. वैशाखाच्या मध्यावर वाखा आला तसा गेला. ओट्यासमोर पुन्हा रांग लागली, आणि लोक पुन्हा पदर पसरू लागले. केझियाबाई पुड्या टाकत. त्यांच्या तोंडचं ते वाक्य मात्र गेलं होतं. सारजा म्हणे, बाईंना बोललेलं ऐकायचं तर आता प्रार्थनेलाच जावं, आणि तिथंही बाई नुसत्या गुडघ्यावर बसून असतात.

मग एका सकाळी नीलव्वा आल्या. दवंडीनंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. कडेवर पारूची पोर होती, चिपाडासारखी वाळलेली, वरच्या दुधाने पोट बिघडलेली. रांगेतल्या बायांनी वाट दिली. नीलव्वा रस्त्यात थांबल्या नाहीत. ओटा चढून वर आल्या आणि केझियाबाईंच्या समोर खाली बसल्या.

"दवंडी ऐकली मी," त्या म्हणाल्या.

"अव्वा..."

"तांब्या पाडलास तवाच सांगायचं हुतंस."

"नाही सांगवलं."

"पैल्या दिवशी का न्हाई सांगितलंस? तू बाईच न्हवं? इसन ठावं न्हवतं तुला?"

"ठावं होतं, अव्वा. सुचलं नाही. मी पाहिलं असतं तर सुचलं असतं. मला तुमची चूल दिसत नव्हती."

नीलव्वांनी कडेवरची पोर सावरली. पोर कण्हत होती.

"कशी दिसल?" त्या म्हणाल्या. "मी कवा येऊ दिलं?"

केझियाबाईंनी सवयीने पुड्यांच्या डब्यात हात घातला. नीलव्वांनी मान हलवली.

"पुडी नगं. माठातलं पानी दे. आधी मला."

रांगेत कुणीतरी जोरात श्वास घेतल्याचं ऐकू आलं. केझियाबाईंनी माठातलं उकळून निवलेलं पाणी पेल्यात घेतलं. सोळा वर्षं ज्यासाठी गुडघे झिजवले तो पेला त्यांच्या हातात होता, आणि देताना निम्मं पाणी नीलव्वांच्या लुगड्यावर सांडलं. नीलव्वांनी पेला ओठाला लावला, तळापर्यंत प्याल्या, आणि पोरीला मांडीवर आडवी घेऊन तिचं तोंड उघडलं.

"आता हिला," त्या म्हणाल्या. "कोमट करू नगंस."